तीन वर्षांच्या मुलाचा आकडा

बसा, बसा. मागे अजून खुर्च्या आहेत.

मागच्या वेळी आपण शेर-मणापासून निघून किलोपर्यंत आलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक बाई भेटल्या. पर्समधून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या साडेतीन वर्षांच्या मुलाच्या चाचणीचा अहवाल होता तो, आणि खाली आकडा होता, ७८. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही मोजमापांबद्दल बोलता ना, मग हे कशाचं माप आहे ते सांगा." आता मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्रज्ञही नाही. मी त्यांना म्हटलं, तुमच्या मुलाबद्दल मला काही बोलता येणार नाही आणि बोलूही नये. पण हा आकडा जन्माला कसा आला, त्याने काय काय केलं, ते सांगता येईल. पुढच्या वेळी या. म्हणून आज तराजू बाजूला ठेवून आपण शाळेच्याही आधीच्या मुलांकडे, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांकडे वळू.

सुरुवात पॅरिसमध्ये होते, आणि ती प्रयोगशाळेत होत नाही, घरात होते. आल्फ्रेड बिने यांना दोन मुली होत्या. मादलेन १८८५ची, आलिस १८८७ची. बिने बापही होते आणि मानसशास्त्रज्ञही, त्यामुळे मुली काय करतात हे ते वहीत टिपून ठेवत. १८९० साली त्यांनी या टिपणांवर तीन लेख प्रसिद्ध केले. त्यातलं चालायला शिकण्याचं निरीक्षण मला फार आवडतं. थोरली एका खुर्चीचा आधार तेव्हाच सोडायची, जेव्हा दुसरा आधार कुठे आहे हे तिने आधी हेरलेलं असायचं. धाकटी मात्र थेट खोलीच्या मधोमध सुटायची, पुढे धरायला काही आहे की नाही याचा विचारच नाही! एकाच घरातल्या, एकाच आईबापांच्या मुली. बिने यांनी लिहून ठेवलं की फरक पायांच्या ताकदीचा नाही, लक्ष देण्याच्या पद्धतीचा आहे.

दुसरा प्रयोग सोंगट्यांचा. टेबलावर दोन ढीग ठेवायचे आणि विचारायचं, जास्त कुठे आहेत? चार वर्षांच्या मुलीने काय केलं, तर संख्येने कमी पण आकाराने मोठ्या सोंगट्या ज्या ढिगात होत्या तो ढीग "जास्त" म्हणून दाखवला. मुलगी चुकली का? तिने जागा मोजली, नग मोजले नाहीत. बिने यांच्या लक्षात आलं की लहान मूल जे उत्तर देतं ते पुष्कळदा आपल्या प्रश्नाचं नसतं, त्याला जो प्रश्न समजला त्याचं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली. शाळा सक्तीची झाली होती, आणि काही मुलांना वर्गात जमत नव्हतं. त्यांना वेगळं शिक्षण द्यायचं, पण निवडायचं कसं? शिक्षकांच्या मतावर सोडलं तर खोडकर मूल आधी बाहेर जाणार, हे उघड होतं. बिने आणि त्यांचे तरुण सहकारी, डॉक्टर थिओडोर सिमाँ, यांनी १९०५मध्ये तीस प्रश्नांची एक मालिका तयार केली. १९०८मध्ये तिची नव्याने मांडणी केली, आणि खरी युक्ती इथे आहे. त्यांनी प्रश्न वयाप्रमाणे लावले, तीन वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंत. पॅरिसमधल्या २०३ मुलांवर ते वापरून पाहिले. एखादा प्रश्न त्या वयाच्या बहुसंख्य मुलांना जमला तर तो त्या वयाचा.

तीन वर्षांसाठी काय होतं? नाक, डोळे, तोंड दाखव. दोन आकडे ऐकून म्हण. चित्रात काय काय दिसतं ते सांग. आडनाव सांग. सहा अक्षरी वाक्य पुन्हा म्हण. चार वर्षांच्या मुलाला किल्ली, चाकू आणि नाणं दाखवून नाव विचारायचे. पाच वर्षांच्या मुलाने चौकोन काढून दाखवायचा, चार नाणी मोजायची, दोन वजनांतलं जड कोणतं ते ओळखायचं. सहाव्या वर्षाच्या प्रश्नांत चेहऱ्यांच्या जोड्या दाखवून यातली सुंदर कोण असं विचारत. यात बुद्धी किती आणि १९०८च्या पॅरिसची आवडनिवड किती, हे तुम्हीच ठरवा.

यातून मिळायचं ते "मानसिक वय". मूल पाच वर्षांचं आहे पण चौथ्या वर्षाचेच प्रश्न सोडवतं, तर ते एक वर्ष मागे. बस्स, एवढंच. बिने यांच्या दृष्टीने ते आजच्या दिवसाचं वर्णन होतं, भविष्य नव्हतं. बुद्धी म्हणजे जन्मतः मिळालेला ठराविक साठा, तो वाढवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांवर त्यांनी १९०९च्या पुस्तकात चांगलीच टीका केली होती. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष आणि स्मरण यांचे व्यायामही बसवले होते. पण १९११मध्ये, वयाच्या ५४व्या वर्षी, ते गेले. नंतर जे झालं ते त्यांच्या हातात नव्हतं.

पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी एक साधा भागाकार सुचवला. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायचं. १९१६मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुईस टर्मन यांनी त्याला शंभराने गुणलं, आणि बुद्ध्यंक हातात आला. बघा, गंमत कशी आहे. "हा मुलगा एक वर्ष मागे आहे" म्हटलं की आपण विचारतो, का बरं? काय करता येईल? आणि "याचा बुद्ध्यंक ७५ आहे" म्हटलं की आपण विचारायचं थांबतो. पहिलं वाक्य मूल कुठे पोचलंय ते सांगतं, दुसरं मूल *आहे* कसं ते सांगितल्यासारखं वाटतं. गणित तेच आहे.

लहान मुलांच्या बाबतीत हे गणित आणखी नाजूक होतं. टर्मन आणि मॉड मेरिल यांनी १९३७मध्ये चाचणीची नवी आवृत्ती काढली. ३१८४ जणांवर ती प्रमाणित केली, आणि ती दोन वर्षांपर्यंत खाली आणली. आता दोन वर्षांच्या मुलाला काय विचारणार? म्हणून एक खेळण्यांची पेटीच होती. तीन भोकांच्या फळीत गोल, चौकोन, त्रिकोण बसव. ठोकळ्यांचा मनोरा कर. तीन वर्षांच्या मुलाने मणी ओवायचे, तीन ठोकळ्यांचा पूल करायचा, वर्तुळ काढायचं. दोन ते पाच वर्षांपर्यंत प्रत्येक सहामाहीला सहा कामं, एका कामाला एक महिना.

आता हिशोब करू. मूल बरोबर तीन वर्षांचं, म्हणजे ३६ महिन्यांचं. समजा सगळं वयाप्रमाणे जमतं, पण त्या दिवशी त्याने तीन कामांना "नाही" म्हटलं. दात येत असतील, झोप अर्धवट झाली असेल, किंवा समोरच्या अनोळखी काकूंचा चष्मा आवडला नसेल. मानसिक वय ३३ महिने. तेहेतीस भागिले छत्तीस, बुद्ध्यंक ९२. सहा कामांना नाही म्हटलं तर ८३. म्हणजे सतरा गुण गेले. दहा वर्षांच्या मुलाची सहा कामं गेली तर? त्या वयात एका कामाला दोन महिने, बारा महिने वजा, १२०पैकी १०८. दहाच गुण गेले. शिवाय दहा वर्षांचं मूल नाही म्हणत नाही, निदान परक्यासमोर तरी. तीन वर्षांच्या मुलाचं "येत नाही" आणि "करणार नाही" वेगळं ओळखता येणं ही स्वतंत्र विद्या आहे.

माझ्या भाचीचं सांगतो. बालवर्गाच्या प्रवेशासाठी एका शाळेत तिला चित्र दाखवलं, आंब्याचं. विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, "आजीला चालत नाही." आजीला मधुमेह! आमच्या घरात आंब्यावरून महिनाभर जे युद्ध चाललं होतं त्याचं सार तिने तीन शब्दांत सांगितलं. उत्तरपत्रिकेवर शून्य पडला. ती काही प्रमाणित चाचणी नव्हती, शाळेने घरीच बनवलेली होती, त्यामुळे बिने-टर्मन यांच्या डोक्यावर ते पाप घालत नाही. पण मी मघाशी सोंगट्यांबद्दल जे म्हणालो ते हेच.

त्या काळात अमेरिकेत लहान मुलांच्या मोजमापाचं जणू पीकच आलं होतं. येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल घुमटाकार खोलीत मुलांच्या हालचालींचं चित्रीकरण करत होते. १९२५ला त्यांचं शाळापूर्व मुलांच्या मानसिक वाढीवरचं पुस्तक आलं. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६मध्ये केवळ "माणसाचं चित्र काढ" एवढ्या एका कामावरून बुद्धी मोजायची रीत काढली. डेट्रॉइटमध्ये रेचेल स्टट्समन यांनी खुंट्या नि फळ्यांची चाचणी बसवली. हे सगळं भराभर सांगून मी पुढे जातोय, कारण मला तुम्हाला आयोवाला न्यायचं आहे.

आयोवा म्हणजे मक्याचं आणि डुकरांचं राज्य. तिथे कोरा बसी हिलिस नावाच्या एक बाई होत्या. त्यांचं म्हणणं असं, की मका आणि डुकरं सुधारायला सरकार संशोधन केंद्र चालवतं, मग मुलांसाठी का नाही? वर्षानुवर्षं त्यांनी हा धोशा लावला आणि १९१७मध्ये विधिमंडळाने पैसे मंजूर केले. आयोवा विद्यापीठात बालकल्याण संशोधन केंद्र उभं राहिलं. अमेरिकेतलं या जातीचं पहिलं. १९२१मध्ये त्याची बालवाडी सुरू झाली. तिथे बेथ वेलमन यांनी मुलांच्या चाचण्या दरवर्षी घेतल्या, आणि त्यांना दिसलं की बालवाडीत येणाऱ्या मुलांचे आकडे वर चढतात. ही मुलं बरीचशी सुशिक्षित घरांतली होती, तरी चढतात. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण बुद्ध्यंक उंचीसारखा ठरलेला असतो असं मानणाऱ्या शास्त्राला हे मान्य नव्हतं.

खरी गोष्ट डेव्हनपोर्टची आहे. तिथे राज्य सरकारचा अनाथाश्रम होता. १९३०नंतरच्या मंदीचे दिवस, आश्रम गच्च भरलेला. दोन वर्षांच्या पुढची मुलं "कॉटेज"मध्ये राहत. एका कॉटेजमध्ये तीस-पस्तीस मुलं, एक देखरेखीची बाई आणि मदतीला तेरा ते पंधरा वर्षांच्या तीन-चार मुली, ज्यांना हे काम नको असायचं. त्याहून लहान बाळं शुश्रूषा विभागात, उंच कठड्यांच्या पाळण्यात. कठड्यांवर पुष्कळदा पांढऱ्या चादरी टाकलेल्या असत. म्हणजे बाळाला शेजारचं बाळही दिसायचं नाही. खेळणी नाहीत. माणसाचा हात लागायचा तो दूध पाजताना आणि लंगोट बदलताना, आणि तोही घाईत. कुणी दुष्ट नव्हतं, हे लक्षात घ्या. जंतुसंसर्गाची भीती होती आणि हात कमी होते.

या संस्थांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून हॅरल्ड स्कील्स यांची नेमणूक झाली. त्यांचं काम चाचण्या घेणं. आणि त्या चाचणीवर काय ठरायचं, तर मूल दत्तक द्यायचं की नाही. आकडा बरा असेल तर घर मिळणार. वाईट असेल तर "मंदबुद्धी" लोकांच्या संस्थेत रवानगी, बहुधा जन्मभरासाठी. हा शब्द आज आपण वापरत नाही, तेव्हा तो सरकारी शब्द होता.

त्यांच्यासमोर दोन मुली आल्या. एक १३ महिन्यांची, एक १६ महिन्यांची. दोघी कुपोषित, निस्तेज, बसून नुसत्या डुलत राहायच्या. वाढ सहा-सात महिन्यांच्या बाळाएवढी. बुद्ध्यंक ४६ आणि ३५. नियमाप्रमाणे दोघींना वुडवर्डच्या संस्थेत पाठवलं. तिथे त्यांना कुठल्या बाळांच्या कक्षात नाही, मोठ्या बायकांच्या कक्षात ठेवलं. त्या बायकांची वयं १८ ते ५०, आणि "मानसिक वय" पाच ते नऊ वर्षं. विषय संपला होता.

सहा महिन्यांनी स्कील्स त्या संस्थेत कामासाठी गेले. कक्षातून जाताना त्यांना दोन छोट्या मुली दिसल्या. हसऱ्या, पळणाऱ्या, बायकांशी खेळणाऱ्या. त्यांना त्या ओळखूच येईनात. पुन्हा चाचणी घेतली. आकडे ७७ आणि ८७. स्कील्स यांचा विश्वास बसला नाही, आणि ते योग्यच होतं. त्यांनी थांबायचं ठरवलं, पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या. मुली साडेतीन वर्षांच्या सुमाराला आल्या तेव्हा दोघींचे आकडे नव्वदीच्या पुढे होते, म्हणजे सर्वसाधारण. दोघींना घरं मिळाली.

झालं काय होतं? ज्यांना जगाने अडाणी ठरवून बंद केलं होतं, त्या बायकांनी या मुलींना दत्तकच घेतलं होतं म्हणा. कुणी बोलायला शिकवलं, कुणी कपडे शिवले. सुट्टीच्या दिवशी कर्मचारी त्यांना बाहेर घेऊन जायचे, दुकानात, मोटारीत. पाळण्याभोवतीची चादर निघाली होती, एवढंच.

मग स्कील्स आणि त्यांचे सहकारी डाय यांनी एक विलक्षण गोष्ट केली. डेव्हनपोर्टच्या आणखी मागे पडलेल्या बाळांना त्यांनी अशाच संस्थांत, मुख्यतः ग्लेनवुडला, पाठवलं. कागदोपत्री काय दाखवायचं हा प्रश्न होता. धडधाकट होण्याची आशा असलेलं मूल मुद्दाम मंदबुद्धी संस्थेत भरती केलं असं लिहिणार कसं? म्हणून नावं आश्रमाच्याच पटावर ठेवून मुलांना तिथले "पाहुणे" म्हटलं. सरकारी वहीतला हा शब्द मला फार मोठा वाटतो. सगळी मिळून १३ मुलं, तीन वर्षांच्या आतली. सुरुवातीचा सरासरी बुद्ध्यंक ६४. मुक्काम संपला तेव्हा जवळजवळ ९२. आणि आश्रमातच राहिलेल्या १२ मुलांची सरासरी सुरुवातीला ८७च्या आसपास होती, ती उतरून साठावर आली. हा दुसरा गट आधी ठरवून निवडलेला नव्हता. नंतर नोंदी चाळून काढलेला होता. म्हणजे ही मुलं उतरत होती आणि कुणी त्यांच्याकडे मुद्दाम पाहत नव्हतं.

१९३९मध्ये हे छापून आलं आणि गदारोळ झाला. टर्मन आयुष्यभर आनुवंशिकतेचे पुरस्कर्ते, सुप्रजननवादी संस्थांशी संबंध असलेले. ते संतापले. एका प्राध्यापकाने भटकणारा बुद्ध्यंक आता तरी एका जागी बसणार की नाही, अशा थट्टेच्या मथळ्याचा लेख लिहिला. क्विन मॅकनेमार यांनी १९४०मध्ये आयोवाची आकडेवारी एकेक करून सोलून काढली. त्याच वर्षी "बुद्धी: प्रकृती की संगोपन" या वादावर दोन जाडजूड खंड निघाले.

इथे मी थोडा थांबतो, कारण ही गोष्ट सांगताना टीकाकारांना खलनायक करायचा मोह होतो. माझा स्वतःचा ओढा स्कील्सकडे आहे, लपवत नाही. पण फ्लॉरेन्स गुडइनफ यांचे आक्षेप खोटे नव्हते. पहिला आक्षेप: फार खालचा आकडा दुसऱ्या वेळी मोजला तर तो आपोआपच थोडा सरासरीकडे सरकतो, काही उपचार न करता. दुसरा: मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बाळाच्या चाचणीवरून पुढचं काही कळतच नसेल, तर आकडा "वाढला" म्हणणार तरी कशाच्या आधारावर?

आणि हा तिसरा आक्षेप खरा निघाला. कॅलिफोर्नियात बर्कलीला नॅन्सी बेली यांनी १९२८पासून काही मुलांना जन्मापासून मोजायला सुरुवात केली होती, आणि त्या वर्षानुवर्षं मोजत राहिल्या. पहिल्या वर्षातल्या गुणांचा आणि पुढच्या बुद्ध्यंकाचा जवळपास काही संबंध नाही, असं त्यांना दिसलं. बर्कलीच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, १९४८मध्ये, आढळलं की सहा ते अठरा वर्षांच्या दरम्यान सुमारे ६० टक्के मुलांचा आकडा पंधरा किंवा त्याहून जास्त गुणांनी हलला. पण बघा, हा आक्षेप दुधारी आहे. बाळाच्या चाचणीवरून पुढचं कळत नाही, म्हणून स्कील्स यांचा निष्कर्ष कच्चा, हे मान्य. मग त्याच चाचणीवरून कुणाला घर द्यायचं आणि कुणाला जन्मभर कोंडायचं हे जे ठरत होतं, ते काय होतं? तो प्रश्न मात्र त्या दोन खंडांत गाजला नाही.

आयोवाच्याच मेरी स्कोडाक यांचा अभ्यास दोन्ही बाजूंना अडचणीत टाकणारा आहे, म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो. त्यांनी आणि स्कील्स यांनी लहानपणीच दत्तक गेलेल्या शंभर मुलांचा पाठपुरावा केला. १९४९मध्ये निकाल आला. ज्या ६३ जन्मदात्या आयांची चाचणी झालेली होती त्यांची सरासरी ८६च्या आसपास. त्यांच्या मुलांची, चांगल्या घरांत वाढल्यावर, १०६. वीस गुणांचा फरक! पण त्याच वेळी, आईचा आकडा जरा वर असेल तर मुलाचाही जरा वर, हा संबंधही दिसत होता, ज्या आईला मुलाने कधी पाहिलंही नव्हतं तिच्याशी. म्हणजे घरामुळे सगळी रांग वर सरकली, पण रांगेतला क्रम पुरता मोडला नाही. वाद घालणारे यातलं आपल्याला हवं तेवढंच उचलतात, आजही.

मग युद्ध आलं. स्कील्स सैन्यात गेले, परतल्यावर सरकारी आरोग्य खात्यात. स्कोडाक मिशिगनला गेल्या. विद्यापीठांतून आयोवाचं नाव थट्टेने घेतलं जाई. वीस वर्षं हा विषय जवळजवळ बंद होता.

आपल्याकडचं थोडं सांगतो, कारण त्याच काळात बिने यांची चाचणी मराठीत आली होती. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या मुलांसाठी ती कन्नड आणि मराठीत बसवली, आणि १९४०मध्ये त्यांचं भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं इंग्रजी पुस्तक आलं. म्हणजे बघा, आयोवात भांडण पेटलं होतं नेमक्या त्याच वर्षी. बिने-कामत चाचणी तीन वर्षांपासून सुरू होते, आणि आजही आपल्याकडच्या दवाखान्यांत ती भेटते. काम कष्टाचं होतं. पॅरिसच्या मुलासाठी केलेलं वाक्य मराठीत नुसतं उतरवून चालत नाही, किती अक्षरं झाली, शब्द घरातले आहेत का, सगळं पाहावं लागतं. पण प्रमाणकं शिळी होतात. पिढ्यानुपिढ्या मुलं जुन्या चाचण्यांवर जास्त गुण मिळवत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४मध्ये दाखवलं. म्हणजे जुनी पट्टी मुलाला उंच दाखवते. पुढे बडोद्याला प्रमिला फाटक यांनी वेगळी वाट धरली. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी, बेली यांच्या चाचणीच्या आधाराने पण इथल्या बाळांना प्रत्यक्ष मोजून, त्यांनी विकासाची मोजपट्टी केली. ६७ बाबी हालचालींच्या, १६३ मानसिक. मूल जन्मतः अशक्त असेल, अपुऱ्या दिवसांचं असेल, तर डॉक्टर ती वापरतात ते त्याला वेळेवर मदत मिळावी म्हणून. पहा, पट्टी तीच असते, ती कशासाठी उचलली त्यावर सगळं.

त्या बाईंना मी म्हणूनच एवढंच सुचवलं, की अहवालावर चार गोष्टी शोधा. चाचणी कोणती, प्रमाणकं कोणत्या साली नि कुणावर काढलेली, चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत झाली का, आणि त्या दिवशी मुलाने साथ दिली का. आणि काही महिन्यांनी पुन्हा चाचणी घेणार आहेत का, हे विचारा. आणि कान तपासले का, हेही. का, ते सांगतो, कारण आता शेवटच्या भागाकडे येतो.

१९६०नंतर हवा बदलली. गरीब मुलांसाठी बालवाड्या काढायच्या अशी चर्चा अमेरिकेत सुरू झाली, १९६५ला "हेड स्टार्ट" ही सरकारी योजना आली. त्या सुमाराला स्कील्स निवृत्तीला आले होते, आणि त्यांनी ठरवलं की आपली ती पंचवीस मुलं शोधायची. एकवीस वर्षांत संपर्क नव्हता. आडनावं बदललेली, गावं बदललेली. ते आणि स्कोडाक शेतवाड्या, टपाल कचेऱ्या, शेजारीपाजारी करत फिरले, आणि एकूण एक सगळ्यांचा पत्ता त्यांनी लावला.

१९६६मध्ये हे प्रसिद्ध झालं. "पाहुणे" म्हणून गेलेली तेराच्या तेरा मुलं स्वतःच्या पायावर उभी होती, एकही कुठल्या संस्थेत नव्हतं. त्यांतली अकरा दत्तक गेली होती. शिक्षण मध्यमानाने बारावीपर्यंत. आश्रमात राहिलेल्या बारांपैकी एक किशोरवयात संस्थेतच वारलं, चौघं अजून संस्थांमध्येच होते, आणि शिक्षण मध्यमानाने तिसरीच्याही आत. यावेळी स्कील्स यांनी बुद्ध्यंक मोजलेच नाहीत. नोकरी, लग्न, घर, मुलंबाळं विचारली. आयुष्यभर चाचण्या घेतलेल्या माणसाने शेवटी ती पेटी उघडली नाही, याचं मला अप्रूप वाटतं. गुडइनफ यांचे पहिले दोन आक्षेप यानंतरही शिल्लक राहतात, कारण पंचवीसच मुलं आणि वाटणी काही चिठ्ठीने झालेली नव्हती. पण आकडा आपोआप सरासरीकडे सरकतो म्हणून कुणी संस्थेतून बाहेर येऊन संसार करत नाही.

पुढे मिशिगनमधल्या पेरी बालवाडीच्या प्रयोगात, तिथे १२३ मुलं होती आणि वाटणी बरीचशी चिठ्ठीनेच झाली होती, असंच काहीसं दिसलं. बुद्ध्यंकातली वाढ काही वर्षांत विरून गेली, पण चाळिशीला पोचल्यावरही शिक्षण, कमाई, अटका यांत फरक राहिला. चाचणीला जे दिसेनासं झालं होतं ते आयुष्यात दिसत होतं. यावर वेगळं व्याख्यान करावं लागेल.

१९६८मध्ये केनेडी प्रतिष्ठानने स्कील्स आणि स्कोडाक यांना पुरस्कार दिला. तो त्यांच्या हातात ठेवायला जो तरुण आला होता, तो त्या तेरांपैकी एक होता. विद्यापीठाचा पदवीधर. दोन वर्षांनी स्कील्स गेले.

आणि कान. आश्रमात राहिलेल्या बारांमध्ये एकच मुलगा असा निघाला, ज्याचं चांगलं चाललं होतं. त्याला कमी ऐकू यायचं. त्यामुळे त्याला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत पाठवलं गेलं, आणि तिथल्या देखरेखीच्या बाईंचा त्याच्यावर जीव जडला. स्कील्स यांना तो सापडला तेव्हा तो छापखान्यात कंपॉझिटर होता, खिळे जुळवत होता. लग्न झालेलं, मुलं झालेली. त्याची कमाई त्याच्या गटातल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त होती.

वेळ संपलीय. चिठ्ठ्या आल्यात बऱ्याच, आणा इकडे.